तपासले : सोमनाथ बोरस्ते

सातपूरला गायधनी सरांचा कारखाना शोधायला गेलात तर सापडायचा नाही, कारण त्याला कारखाना म्हणणारे एकटे गायधनी सरच. बाकीच्यांच्या लेखी ती एक लांबट शेड आहे. पुढे ऑफिस, मागे टेबलं, आणि टेबलांवर वजनकाटे, डब्यांएवढे कॉम्प्युटर आणि लेबल छापायचे प्रिंटर. द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या पॅकहाउसना हे तिन्ही जोडून द्यायचे, हा धंदा. पेटी काट्यावर ठेवली की वजन कॉम्प्युटरमध्ये जातं, कॉम्प्युटर प्रिंटरला सांगतो, प्रिंटर लेबल काढतो. कोणत्या शेतकऱ्याची द्राक्षं, कोणता प्लॉट, किती किलो, कधी भरली, सगळं त्या चार बोटांच्या कागदावर असतं. ते चिकटलं की पेटी निघाली युरोपला.

या शेडमध्ये सोमनाथ बोरस्तेला बावीस वर्षं झाली होती. आयटीआय करून तो इथे लागला तेव्हा गायधनी सर शेतकऱ्यांकडे स्कूटरवर जायचे. पुढे सरांची गाडी आली, शेड वाढली, माणसं आली आणि गेली. सोमनाथ राहिला, आणि राहिला तो थाटात राहिला. त्याचं कारण सगळ्या पॅकहाउसवर बसवलेला एकाच जातीचा खोडकर प्रिंटर.

त्या प्रिंटरची खोड अशी, की चालता चालता तो एकदम मुका व्हायचा. दिवा हिरवा, कागद भरलेला, वायर जागेवर, पण लेबल म्हणून निघायचं नाही. हंगामात हे रोज कुठे ना कुठे व्हायचं. मग फोन सोमनाथला. ओझरच्या पलीकडे एका पॅकहाउसवर भिकन नावाचा सुपरवायझर होता, त्याचा फोन तर ठरलेला.

"भाऊ, तुमचा प्रिंटर परत रुसला. चाळीस बाया हात बांधून उभ्या हायेत. या लवकर."

सोमनाथ मोटारसायकल काढायचा. तो फाटकातून आत आला की बाया बाजूला व्हायच्या. तो प्रिंटरपाशी जायचा, लोकांकडे पाठ करायचा, बटण बंद करून दुसरं एक बटण दाबून धरायचा, वायर काढायचा, मनात सात आकडे मोजायचा आणि वायर परत लावायचा. प्रिंटर सुरू. "भाऊचा हात लागला की चालतंय बघा," असं कोणीतरी म्हणायचंच. मग चहा यायचा, आणि परत निघताना गाडीला द्राक्षांची पिशवी अडकवलेली असायची. हे सगळं त्याला भिकनला फोनवर दोन मिनिटांत सांगता आलं असतं. बावीस वर्षांत त्याने ते कोणालाही सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्याला शाळेत शिकवलेल्या गोष्टींपैकी नीट लक्षात राहिलेलं एक वाक्य होतं.

मुठीत आणखीही एक गोष्ट होती. प्रिंटर का अडतो ते त्याने चौथ्या-पाचव्या हंगामातच हेरलं होतं. लेबल अर्धवट बाहेर असताना कॉम्प्युटरने 'काय चाललंय' असं विचारलं, की प्रिंटर उत्तर द्यायला जातो आणि तिथेच अडकतो. लेबल पूर्ण निघाल्यावर विचारलं तर कधीही अडत नाही. त्याला प्रोग्रॅममधलं काही कळत नव्हतं, पण दिव्याची उघडझाप बघून बघून त्याला हे कळलं होतं. हेही त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी निकिता महाले आली. हरसूलची मुलगी, वडिलांचं तिथे किराणा दुकान, नाशिकला कॉम्प्युटर इंजिनीअरिंग केलेलं. बोलायला कमी. सोमनाथला ती पहिल्या दिवसापासून 'भाऊ' म्हणायची, आणि पहिलं वर्षभर त्याला तिच्याबद्दल काही म्हणायचं नव्हतं. दुसऱ्या वर्षी त्याच्या पोटात दुखायला लागलं. हेवा म्हटलं तर जरा सभ्य वाटतं, म्हणून पोटदुखीच म्हणू.

त्या पोटदुखीची सुरुवात दसऱ्याला झाली. दसऱ्याला शेडमध्ये यंत्रांची पूजा असते. काट्यांना, प्रिंटरना झेंडूच्या माळा घालतात, आणि नारळ फोडायचा मान सोमनाथचा. या दसऱ्याला सरांनी नारळ हातात घेतला, आणि सोमनाथने हात पुढे केलेला असताना म्हणाले, "या वर्षी निकिता फोडेल. नव्या माणसांना मान दिला पाहिजे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सोमनाथनेही वाजवल्या. तिच्या हातून तो पहिल्या फटक्यात फुटू नये, एवढीच त्याची माफक अपेक्षा होती, पण तो फुटला.

त्याच दिवशी त्याची मुलगी सायली पूजेला आली होती. बारावीला होती, सायन्सला. निकिताने तिला तासभर स्क्रीनसमोर बसवून काहीबाही दाखवलं, आणि तेव्हापासून घरात 'निकिताताई म्हणते' सुरू झालं. कुठल्या कॉलेजला जायचं, कोणता विषय सोडायचा नाही, सकाळी किती वाजता उठायचं, सगळ्यावर निकिताताईचं काही ना काही म्हणणं असायचं. बाप रोज त्याच शेडमधून यायचा, पण आज काय केलंत असं त्याला कोणी विचारायचं नाही. आज निकिताताईने काय केलं, असं विचारायचे. सोमनाथ घास गिळायचा आणि म्हणायचा, "केलं असेल काहीतरी. खुर्चीत बसून काय करणार?"

डिसेंबरात निकिताने तो खोडकर प्रिंटर आपल्या टेबलावर घेतला. हंगाम महिन्यावर आला होता. तीन दिवस ती त्या प्रिंटरसमोर हनुवटीला हात लावून बसली. सोमनाथ येता-जाता बघायचा आणि मनात म्हणायचा, बस अजून. मी पाच हंगाम घालवलेत.

चौथ्या दिवशी चहाच्या वेळी तिने सगळ्यांना बोलावलं.

"दोष प्रिंटरचा आहे, पण औषध कॉम्प्युटरला द्यायचंय," ती म्हणाली. "आपले कॉम्प्युटर लिनक्सवर चालतात. लिनक्सचा जो गाभा असतो, कर्नेल, त्याच्या आतच प्रिंटरशी बोलणारा ड्रायव्हर असतो. आणि त्या ड्रायव्हरमध्ये नाठाळ प्रिंटरांची एक यादी आहे. अमुक कंपनीचा तमुक प्रिंटर, याच्याशी असं असं वागा. आपला प्रिंटर त्या यादीत नाही. तो घालायचा, आणि पुढे लिहायचं की याला फक्त सांगत जा, याचं ऐकत बसू नका. उत्तर द्यायची वेळच आली नाही तर तो अडेल कशाला?"

"यात काम किती?" सरांनी विचारलं.

"एक ओळ, सर."

एक ओळ. सोमनाथच्या हातात चहाचा ग्लास होता, तो त्याने खाली ठेवला. बावीस वर्षांचा थाट, भिकनचे फोन, बाजूला होणाऱ्या बाया, हँडलला अडकवलेल्या पिशव्या, या सगळ्याला तिची एक ओळ पुरली होती. निकिता पुढे सांगत होती, की ही ओळ कर्नेल सांभाळणाऱ्या लोकांकडे पाठवायची, त्यांना पटली तर ती मूळ कर्नेलमध्ये जाते आणि मग जगात कुठेही कोणी हा प्रिंटर लावला तरी त्याला उपयोगी पडते. आपल्यापुरतं मात्र लगेच घालता येईल.

सर हरखले. येत्या सोमवारी भिकनच्या पॅकहाउसपासून सुरुवात, मग पंधरा दिवसांत सगळीकडे, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. मग सोमनाथच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सोमनाथ, या हंगामात तुला आराम. किती धावाधाव केलीस बाबा." हे ते मनापासून म्हणाले, आणि सोमनाथला ते शिवी दिल्यासारखं लागलं.

दुपारी निकिता त्याच्याकडे आली. "भाऊ, प्रिंटरमधलं तुमच्याइतकं कोणाला कळत नाही. मी ओळ घालून दिलीय. तुम्ही तपासून सांगाल? तुम्ही हो म्हणालात की मी पाठवते."

सोमनाथने दोन दिवस तपासलं. खोट निघावी म्हणून तपासलं, आणि म्हणूनच फार चांगलं तपासलं. सलग दोनशे लेबलं काढली. मधेच वायर हलवली. दोन काटे एकदम जोडले. प्रिंटर एकदाही अडला नाही. एकेक लेबल सुळकन बाहेर पडत होतं आणि सोमनाथचं तोंड उतरत होतं.

गुरुवारी दुपारी त्याने फडताळातून जुना प्रिंटर काढला. कंपनी तीच, नंबर तोच, पण पहिल्या पहिल्या मालातला, गोल बटणाचा. निम्म्या पॅकहाउसवर अजून तोच होता. निकिताला हा फरक माहीत असायचं कारण नव्हतं. सोमनाथने त्यात संपत आलेला रोल घातला आणि लेबलं सोडली. सदतिसावं लेबल अर्धं छापून झालं आणि कागद संपला. त्याने नवीन रोल घातला, झाकण लावलं. प्रिंटर चालू झाला आणि पहिलं लेबल बाहेर आलं ते अडतिसावं.

सदतिसावं आलंच नाही. नवा प्रिंटर राहिलेलं लेबल स्वतःच लक्षात ठेवतो, जुन्याला ते जमत नाही. पूर्वी असं झालं की प्रिंटर सांगायचा, माझं एक लेबल राहिलंय, आणि कॉम्प्युटर ते परत पाठवायचा. आता कॉम्प्युटर त्याचं ऐकतच नव्हता.

सोमनाथ त्या लेबलांकडे बघत राहिला. पॅकहाउसवर काय होईल ते त्याला लख्ख दिसत होतं. रोल बदलेपर्यंत पट्ट्यावर पेट्या साचलेल्या असतात. बाई हातात येईल ते लेबल समोरच्या पेटीवर चिकटवते, नंबर वाचत बसत नाही. म्हणजे सदतिसाव्या पेटीवर अडतिसावं लेबल, अडतिसाव्यावर एकोणचाळिसावं, आणि असंच संध्याकाळपर्यंत. जिथे एका शेतकऱ्याच्या पेट्या संपून दुसऱ्याच्या सुरू होतात, तिथे एकाचा माल दुसऱ्याच्या नावावर जाणार. तिकडे युरोपात फवारलेल्या औषधाची तपासणी होते. पेटीत जास्त औषध सापडलं तर लेबलावर ज्याचं नाव त्याचा माल परत येतो. भिकनकडे पुंजा नावाचे म्हातारे शेतकरी द्राक्षं आणायचे. औषधाच्या बाबतीत इतके काटेकोर, की बाग बघायला गेलेल्या माणसाला हात धुवायला लावायचे. दुसऱ्या कोणाच्या औषधापायी त्यांचा माल परत येऊ शकत होता.

त्याने छत्तीस आणि अडतीस ही दोन लेबलं फाडून घेतली, घडी केली आणि पँटच्या खिशात घातली. जुना प्रिंटर परत फडताळात गेला. का, ते त्याला विचारलं असतं तर त्या क्षणी तरी सांगता आलं नसतं. पुढच्या क्षणी सांगता आलं असतं. होऊ दे हंगामात घोळ, असं त्याच्या मनात स्पष्ट आलं होतं. भिकनचा फोन येईल, सर घाबरतील, निकिता हनुवटीला हात लावून बसेल, आणि मग कोणीतरी म्हणेल, सोमनाथला बोलवा. पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत कोणाच्या तरी लक्षात येईलच, कोणाचं नुकसान होणार नाही, असंही त्याने स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे हे त्याला चांगलं माहीत होतं.

साडेचारला निकिता आली. "भाऊ, चालतंय का?"

"चालतंय," सोमनाथ म्हणाला. "सलग दोनशे काढली. एकदाही अडला नाही."

यातला एक शब्दही खोटा नव्हता. आणि सातपूरला 'चालतंय' या शब्दाला कोण धरून बसतं? दिवसातून शंभरदा म्हणतात. मशीन कसंय, चालतंय. घरी काय म्हणतात, चालतंय. बोललेला शब्द शेडच्या पत्र्यापर्यंत जातो आणि तिथेच विरतो, अशी सोमनाथची समजूत होती.

"भाऊ, तुमचं पूर्ण नाव आणि मेल द्या ना," निकिता म्हणाली. त्याला वाटलं, ऑफिसातलं काहीतरी असेल. सायलीने गॅस बुकिंगसाठी काढून दिलेला मेल होता, तो त्याने सांगितला.

रविवारी सकाळी तो अंगणात मोटारसायकलच्या चेनला तेल देत होता. सायली मोबाइल घेऊन धावतच बाहेर आली. तो मेल तिच्याच मोबाइलवर उघडायचा.

"पप्पा, तुमचं नाव आलंय. कर्नेलच्या मेलमध्ये."

"कसलं नाव?"

"थांबा, वाचते." ती पायरीवर बसली. "हे निकिताताईने पाठवलंय. वर सगळं प्रिंटरचं लिहिलंय, मग तिची ती ओळ, आणि खाली नावं आहेत. लिहिलं कोणी, तर निकिता महाले. आणि टेस्टेड बाय, सोमनाथ बोरस्ते. म्हणजे तपासलं कोणी, तर तुम्ही. आणि पप्पा, हे कायम राहतं. निकिताताई म्हणते, कर्नेलमध्ये एकदा गेलं की वीस वर्षांनीही कोणी उघडून बघितलं तरी नाव तिथेच असतं. आणि तिने वर असंही लिहिलंय, की हे तपासणारे हा प्रिंटर बावीस वर्षं हाताळतायत."

सोमनाथच्या हातात तेलाचा बोळा होता. पहिल्यांदा त्याला आनंद झाला, हे खरं ते सांगायला हवं. सायली आपल्याकडे अशी बघतेय, हे कित्येक महिन्यांनी घडत होतं. मग त्याला खिशातली दोन लेबलं आठवली.

"अजून एक आलाय," सायली म्हणाली. "तो ड्रायव्हर जे सांभाळतात ना, परदेशातले कोणीतरी, त्यांचा. तुम्हालाच विचारलंय. बघा, नाव घेऊन. ते म्हणतात, या ओळीने प्रिंटरचं काहीच आपल्याकडे पोचणार नाही. सोमनाथ, कागद संपल्यावर काय होतं, ते तुम्ही पाहिलंत का?"

गुरुवारपासून मनात दाबून ठेवलेली गोष्ट एका अनोळखी माणसाने कुठूनतरी नेमकी विचारली होती, आणि वाचून दाखवत होती त्याची मुलगी.

"खाली निकिताताईने लिहिलंय," सायली पुढे वाचत होती. "सोमनाथभाऊंच्या नजरेतून हे सुटलं नसणार. तेच सांगतील." तिने वर बघितलं. "बघितलं होतं ना पप्पा?"

सोमनाथ परत चेनकडे वळला.

"नसेल बघितलं तर तसं लिहू का? तपासलं नव्हतं, उद्या तपासून कळवतो. एवढंच. चालेल ना?"

चाललं असतं. किती सोपं होतं ते. सोमवारी जुना प्रिंटर काढायचा, आत्ताच सापडल्यासारखं दाखवायचं, वरून शाबासकी. कोणाला काही कळलं नसतं. पण त्यासाठी सोमनाथ बोरस्तेने कागद संपवून बघितलंच नाही, असं त्याला लिहून द्यावं लागणार होतं, आणि ते जगात कायम राहणार होतं. लेबल प्रिंटर तपासायचा आणि कागद संपवून बघायचा नाही, हे आयटीआयचं पोरगंसुद्धा करणार नाही. वाईट कारागीर की वाईट माणूस, यातलं एक नाव त्याला घ्यायचं होतं. आता याला प्रामाणिकपणा म्हणा की ताठा म्हणा. माझ्या मते त्यात ताठाच जास्त होता. पण त्या ताठ्याने त्या दिवशी पुंजाबाबांची द्राक्षं वाचवली, हेही खरंच.

"लिही," तो म्हणाला. "कागद संपवून बघितलं होतं. गोल बटणाच्या जुन्या प्रिंटरवर एक लेबल गिळलं जातं आणि पुढची सगळी एकेकाने सरकतात. ही ओळ घालू नका."

सायलीची बोटं भराभर चालली आणि मधेच थांबली. "म्हणजे हे तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"हो. तेही लिही. गुरुवारी माहीत होतं. अडतो का, एवढंच सांगितलं. हे सांगितलं नाही."

"ते कशाला? तेवढं गाळते मी."

"गाळू नको. त्यांनी विचारलंय."

तिने लिहिलं, पाठवलं, आणि मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. मग म्हणाली, "पण सांगितलं का नाही, पप्पा?"

सोमनाथने बोळ्याने बोटं पुसली. तेल आणखीच पसरलं. "पोटात दुखत होतं माझ्या," तो म्हणाला.

"निकिताताईचं?"

"हो."

सायली उठून आत गेली. दुपारी जेवताना तिने निकिताताईचं नाव काढलं नाही. सोमनाथला गेले तीन महिने नेमकं हेच हवं होतं. आज ते मिळालं तर त्याला ते नको झालं. शेवटी त्यानेच विचारलं, कॉलेजचं काय म्हणाली होती ती? "काही नाही," सायली म्हणाली.

सोमवारी तो शेडमध्ये गेला तेव्हा भिकनकडे जायची गाडी रद्द झालेली होती. सरांनी त्याच्याकडे एकदा चष्म्यावरून बघितलं आणि पुन्हा कागदात डोकं घातलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. निकिता टेबलाशी होती. सोमनाथने खिशातली घडी काढून तिच्यापुढे ठेवली. तिने ती बोटाने सपाट केली. छत्तीस, मग अडतीस. लेबलावर वेळही छापलेली असते. गुरुवार, चार वाजून दहा मिनिटं. तिने ती वाचलेली सोमनाथने पाहिली.

"मी साडेचारला विचारलं होतं तुम्हाला," ती म्हणाली.

"हो."

"बरं." तिने लेबलं वहीत ठेवली. "जुना प्रिंटर काढून द्या."

त्याने काढून दिला. आणि मग, कोणी न विचारता, उभ्या उभ्या उरलेली मूठही उघडली. लेबल बाहेर येत असताना विचारलं की अडतो, पूर्ण निघाल्यावर विचारलं की अडत नाही, हे त्याने तिला दिव्याची उघडझाप दाखवून सांगितलं. ते दाबून धरायचं बटणही दाखवलं. ती ऐकता ऐकता लिहून घेत होती.

"हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं, भाऊ?"

"सतरा वर्षं झाली असतील."

तिने पेन थांबवलं, त्याच्याकडे बघितलं, आणि परत लिहायला लागली.

यादीतली ती एक ओळ तिने मागे घेतली. आता प्रिंटरचं ऐकायचंच, पण लेबल पूर्ण बाहेर पडेपर्यंत थांबून, असं ड्रायव्हरला शिकवायचं होतं, आणि त्याला चाळीसेक ओळी लागल्या. आठवडा गेला. त्या आठवड्यात ती त्याच्याशी कामापुरतं बोलली, नेहमीच्याच आवाजात, 'भाऊ' म्हणूनच. शेडमध्ये बाकी कोणाला काही कळलंही नाही. परदेशातल्या त्या माणसाचं उत्तर आलं होतं, ते सायलीने वाचून दाखवलं. त्याने एवढंच लिहिलं होतं, की कळवल्याबद्दल आभार, पुढची आवृत्ती तपासून सांगा.

पुढच्या मंगळवारी निकिताने दोन्ही प्रिंटर सोमनाथच्या टेबलावर आणून ठेवले. नवा आणि गोल बटणाचा.

"तपासा, भाऊ. तुमचं नाव घालायचंय."

सोमनाथला वाटलं ती ठेवून जाईल. ती गेली नाही. हातात वही घेऊन टेबलाच्या कडेला उभी राहिली. त्याने नवा प्रिंटर चालवला. अडला नाही. जुन्यात अर्धा रोल घातला आणि लेबलं सोडली. पन्नास झाली, ऐंशी झाली, शंभर झाली. लेबल पूर्ण पडायचं, दिवा एकदा मिचकायचा, मग पुढचं. इतकं सुरेख चाललं होतं, की पाच हंगाम आपण हेच बघत बसलो होतो याचं सोमनाथला हसू आलं.

"चालतंय," तो म्हणाला, आणि रोल अजून बाकी असताना बटणाकडे हात नेला.

"रोल संपू द्या, भाऊ," निकिता म्हणाली.

त्याने हात मागे घेतला. दोघं उभे राहिले. दहा-बारा मिनिटं लागली असतील. कागद संपला, नवीन रोल गेला, एकशे एकोणनव्वद नंतर एकशे नव्वद आलं. निकिताने दोन्ही लेबलं स्वतः उचलून नंबर वाचले, वहीत लिहिले, आणि मगच त्याचं नाव लिहिलं.

सोमनाथ बघत होता. नारळ तिने फोडला, ओळ तिने लिहिली, सायलीला ती आवडते, यातलं काहीच त्या वेळी त्याच्या पोटात दुखत नव्हतं. त्याला हेवा वाटत होता तो गुरुवारी साडेचारला इथे, याच जागी उभ्या असलेल्या माणसाचा. त्या माणसाने नुसतं 'चालतंय' म्हटलं होतं, आणि ती मागे वळूनही न बघता ते लिहायला गेली होती.